न धुतलेली दख्खनी लोकर चरख्यावर कातताना: पेळू, पीळ, माळ, सगळीकडेच अडतंय

दुधनाकाठ
जालना जिल्हा. दिवाळीच्या कातरणीची काळी दख्खनी लोकर, चार किलो, न धुतलेली. साधनं दोन: एक पेटीचरखा आणि एक जुना मोठा रहाट (चाक २४ इंची, चाती म्हणजे सूत पिळणारी लोखंडी सळई किंचित वाकलेली). कापूस कातता येतो. घोंगडीच्या जाडीचं सूत काढून मागावर द्यायचं आहे.

परदेशी व्हिडिओंमध्ये मेंढीच्या अंगावरून उतरलेली लोकर तशीच कातायला घेतात. धुवायचं नंतर, आतलं मेणच धागा सरकवतं, असं सांगतात. इथं मात्र

– पेळूतून (पिंजलेल्या लोकरीच्या वळीतून) लोकर सुटी येत नाही, गठ्ठ्याने येते
– पेटीचरख्यावर सूत जागोजाग वेटाळतं, पीळ कमी करावा तर तुटतं
– चातीवर काळा चिकट थर बसतो, माळ (चाक आणि चाती जोडणारी दोरी) घसरते
– सूत चातीवरून निघता निघत नाही

आधी धुवावी, की असंच कातत राहावं?

बालाघाटी
त्या व्हिडिओंतली लोकर आणि तुमची लोकर मुळात वेगळी. मेरिनोसारख्या बारीक लोकरीत मेण भरपूर, कच्च्या वजनाच्या दहा-पंधरा टक्के किंवा त्याहून जास्त. दख्खनी मेंढीची लोकर भरड, केसाळ. तिच्यात मेण थोडं आणि धूळ बक्कळ. त्यामुळे तिकडे जे मेणात कातणं असतं ते आपल्याकडे बरंचसं मातीत कातणं होतं. म्हणून न धुता कातायचंच नाही असं नाही. घोंगडीचं सूत साबण-सोड्याला न शिवता निघत आलेलं आहे. पण त्याआधीची कामं टाळली की तुम्ही लिहिलंय तेच सगळं होतं.

पहिलं काम निवडणं. जुनं धोतर किंवा पांढरी चादर अंथरा. काळ्या लोकरीत घाण दिसत नाही, पांढऱ्या कापडावर पडली की दिसते. मान, खांदा आणि कुशीची लोकर वेगळी काढा, ताण्याचं (मागावरच्या उभ्या धाग्यांचं) सूत हिच्यातूनच निघतं. पाठीची लोकर धुळीने भरलेली आणि टोकाला उन्हाने तपकिरी, ठिसूळ झालेली असते. ती बाण्याला (आडव्या धाग्यांना) चालेल. पोटाखालची, मांड्यांची आणि शेपटीकडची, लेंड्या चिकटलेली लोकर कातायला घेऊच नका. झाडाच्या आळ्यात आच्छादन म्हणून टाका, ओल टिकते.

निवडताना अर्ध्या इंचाचे बारीक तुकडे दिसले तर तेही काढून टाका. कातरणाऱ्याने एकाच जागी दोनदा कातर फिरवली की असे तुकडे पडतात आणि सुतात त्यांच्या गुठळ्या होतात. ते पिंजूनही जात नाहीत.

दुसरं काम झोडपणं. बाजेवर लोकर पातळ पसरा आणि दोन लवचिक काठ्यांनी हलक्या हाताने झोडपा. धूळ बाजेच्या विणीतून खाली पडते. काठ्या निर्गुडीच्या किंवा बांबूच्या घ्या. तुराट्या-पऱ्हाट्या नकोत, त्यांचे तूस लोकरीत शिरतात आणि मग तेच वेचत बसावं लागतं. पालटून पालटून चार-पाच वेळा झोडपा, खाली माती पडायची थांबेपर्यंत. वारा पाठीकडून घ्या, नाकातोंडाला फडकं बांधा.

आता लोकर गठ्ठ्याने का येते. लोकरीचं मेण साधारण ४० अंशांच्या आसपास वितळतं. थंडीच्या सकाळी, सावलीत ते आवळलेलं असतं, आणि केसांची टोकं धुळीसकट त्यात चिकटलेली असतात. निवडलेली लोकर भर दुपारी अर्धा-पाऊण तास उन्हात ठेवा. काळी असल्याने चांगली तापते. ऊबदार असतानाच एकेक झुपका दोन्ही हातांत धरून आधी टोकं उकला, मग बुडखा. टोकं न उकलता पिंजायला घेतलं तर पिंजून झाल्यावरही टोकाचे गठ्ठे तसेच राहतात. तुमच्या पेळूत तेच झालं असणार.

चातीवाला
चरख्याचं बोलतो.

पेटीचरखा लोकरीसाठी नाहीच. त्यात दोन चाकं एकमेकांना जोडून वेग वाढवलेला असतो, तोही कापसाच्या बारीक सुतासाठी. मुठीच्या एका फेरीला चाती शंभराच्या आगेमागे फिरते. घोंगडीच्या जाड सुताला ताण्यासाठी इंचाला चारेक पीळ पुरतात, बाण्यासाठी तीन. दोन फूट ओढलं तर ताण्याला लागले ९६ पीळ, म्हणजे पेटीचरख्याची जेमतेम एक फेरी. हात थोडा रेंगाळला, अर्धी फेरी जास्त झाली की सूत वेटाळलंच. शिवाय त्याची चाती बारीक, भरड सुताचं जड कुकडं (चातीवर भरलेला सुताचा गुंडा) चढलं की थरथरते.

तुमचा रहाट बघा. चाक २४ इंची, चातीवरची चकती (जिच्यावरून माळ फिरते ती) पाऊण इंची असेल तर एका फेरीला चाती ३२ वेळा फिरेल. दोन फुटांना बरोबर तीन फेऱ्या. हाताला हिशोब लगेच बसतो. चकती मोजून घ्या. अर्धा इंची असेल तर प्रमाण ४८, मग दोन फेऱ्या. माळ चकतीच्या खाचेत थोडी सरकते, म्हणून प्रत्यक्षात पाव फेरी वरच लागेल.

पेटीचरखाच वापरायचा असेल तर चातीच्या चकतीवर मेण लावलेला दोरा घट्ट गुंडाळून तिची जाडी दुप्पट करा, पीळ निम्म्यावर येतो. पण हे तात्पुरतंच.

चाती सरळ करणं: ती गुळगुळीत फरशीवर लोळवा. जिथं उचलते तिथं खडूची खूण करा आणि ती जागा लाकडी ठोकळ्यावर ठेवून लाकडानेच हलके ठोका. लोखंडी हातोडीने घाव पडतो आणि त्या घावात केस अडकतात. लोकरीला चाती कापसापेक्षा जाड लागते, चार-पाच मिलिमीटर, आणि ती ज्यात बसते त्या चामड्याच्या बाहेर पाच-सहा इंच मोकळी. टोक सुईसारखं नको. भरड केस टोकाला टोचून अडकतात आणि सूत टोकावरून टकटक सुटत नाही. बारीक पॉलिश पेपरने टोक गोलसर करा.

कातताना सूत चातीच्या रेषेतच पुढे, थोडं तिरकं धरा. प्रत्येक फेऱ्याला ते टोकावरून सुटलं पाहिजे. ते सुटणं हाताला कळतं. गुंडाळताना आधी चाक थोडं उलटं फिरवा, टोकाकडचे मळसूत्री वेढे सुटू द्या आणि मग सूत चातीशी काटकोनात आणून गुंडाळा. उलटं न फिरवता ओढलं की त्या वेढ्यांवरच नवं सूत चढतं. सूत चातीवरून न निघण्याचं निम्मं कारण हेच.

उरलेलं निम्मं कारण मेण. चातीवर आधी ज्वारीचं सुकं पान किंवा कागदाची नळी चढवा, बुडाशी दोऱ्याने बांधा आणि कुकडं त्यावर भरा. भरलं की नळीसकट ओढून काढा.

मेंढवाडा
आमच्याकडं लोकर धुत न्हाईत, मेंढी धुत्यात. कातरणीच्या दोन-तीन दिस आधी नदीला न्यायची. पाणी वाहतं पायजे, छातीइतकं. एकाने धरायची, दुसऱ्याने पाठ, कुशी, मान चोळायची. साबण न्हाई, काही न्हाई. मग दोन-तीन दिस खडकाळ माळावर किंवा हिरवळीवर चारायची, वाळेपर्यंत. धुवून काढलेली मेंढी परत काळ्या रानात, फुफाट्यात घातली तर धुतलेलं पाण्यात गेलं. गाभण मेंढ्या पाण्यात घालायच्या न्हाईत, थंडी-वाऱ्यात तर कुठलीच न्हाई.

दिवाळीची लोकर पावसाने थोडी धुतलेली असती पर चिखल बसतो. फाल्गुनातल्या कातरणीची लोकर कोरडी पर गवताचं कुसळ लई. कुठली घ्यायची ते हाताला काय सोसतंय त्याच्यावर हाय.

आन एक. माडग्याळ जातीच्या नराचं पैदास लई झालंय, मटनाला बरं म्हून. त्या मेंढ्यांना कातायजोगी लोकरच न्हाई. विकत घेताना मेंढी बघून घ्या, निस्त्या पोत्याकडं बघू नका.

दुधनाकाठ
चकती मोजली, पाऊण इंचीच आहे. रहाटावर वेटाळणं गेलं. पण तुटणं आहेच. दुपारी उन्हात ठेवूनही काही झुपके मधेच तुटतात, सगळे नाही. आणि एप्रिल-मे मध्ये कातायचं झालं तर केस उडतात, सुताला बसत नाहीत असं ऐकलंय. त्याला तेल लावावं का? घरात करडईचं आहे.

बालाघाटी
करडईचं अजिबात नको. करडई आणि जवस ही वाळणारी तेलं. हवेत राहिली की चिकट होतात, मग पिवळट कडक थर बनतो, तो रिठ्यानेही निघत नाही. सूत महिनाभर ठेवलं तरी हात लावताच कळतं. शेंगदाण्याचं किंवा खोबरेल घ्या. खोबरेल २४-२५ अंशांखाली गोठतं, म्हणून थंडीत शेंगदाणा आणि उन्हाळ्यात खोबरेल.

किलोभर झोडपलेल्या लोकरीला ४० मिली तेल, १६० मिली कोमट पाणी आणि त्यात दोन चमचे रिठ्याचं दाट पाणी. रिठा नसेल तर तेल पाण्यात मिसळत नाही, ठिपके पडतात. बाटलीत जोरात घुसळा आणि फवारणीच्या बाटलीने थराथराने मारा: एक थर लोकर, एक फवारा. वरून ओलसर सुती कापड झाकून रात्रभर ठेवा. सकाळी पिंजायला घ्या. यात पाण्याचं काम तेलाइतकंच आहे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी की केसांत वीज साठते आणि ते एकमेकांपासून फटकून उभे राहतात. ओल मिळाली की बसतात. मे महिन्यात कातायचंच असेल तर पहाटे काता, खोलीत ओला पडदा सोडा. दुपारच्या बाराला पेळू हातात घेणं म्हणजे केस वेचत बसणं.

पन्नास मिलीच्या वर तेल जाऊ देऊ नका. जास्त झालं की केस इतके सरकतात की सूत स्वतःच्या वजनाने लांबत तुटतं.

मधेच तुटणाऱ्या झुपक्यांचं कारण दुसरं आहे. एक झुपका दोन्ही टोकांना धरून कानाजवळ न्या आणि मधल्या बोटाने टिचकी मारा. खणखणीत आवाज आला तर ठीक, चरचरलं तर केस मधेच कमकुवत आहे. उन्हाळ्यात चारा-पाणी कमी पडलं की केसाची जाडी त्या काळात घटते आणि नेमका तिथेच तो तुटतो. दिवाळीच्या कातरणीत फाल्गुनपासून आश्विनापर्यंतची वाढ असते, म्हणजे सगळा उन्हाळा केसाच्या वरच्या भागात येतो. फाल्गुनातल्या लोकरीत पावसाळ्यानंतरच्या चाऱ्यावरची वाढ, ती सहसा मजबूत. दुष्काळी वर्षाची दिवाळीची लोकर ताण्याला घेऊच नये, बाण्याला घ्यावी.

माळरानची_रिठी
मी वेगळं मत मांडते. कच्ची लोकर कातायचा एवढा अट्टहास कशाला? झोडपा, उन्हात ठेवा, तेल लावा, पुसा. त्यापेक्षा नुसत्या गार पाण्यात रात्रभर भिजवली तर निम्मी कटकट जाते. लोकरीतला वाळलेला घाम गार पाण्यातही विरघळतो, त्याला साबण लागत नाही, आणि तो गेला की त्याला धरून बसलेली माती सुटते. मेण जागेवरच राहतं, कारण गार पाण्याने ते निघतच नाही. म्हणजे मेणही राहिलं आणि माती गेली.

किलोला १५-२० लिटर पाणी. लोकर जाळीच्या पिशवीत सैल भरून वरून दाबून बुडवा. ढवळू नका, चोळू नका. सकाळी पिशवी तशीच उचलून निथळत ठेवा. पाणी चहासारखं तपकिरी निघतं. त्यात पालाश असतं, लिंबाच्या-आंब्याच्या आळ्यात ओता. उन्हाळ्यात टँकरवर दिवस काढणाऱ्या गावाला सुद्धा हे परवडतं, कारण पाणी वाया जात नाही.

बालाघाटी
रिठीताई, गार पाण्याला माझी ना नाही, पण दोन अटी. एक, वाळवायला पुरेसं ऊन हवं. ढगाळ श्रावणात भिजवलेली लोकर आतून दोन-तीन दिवस ओली राहते आणि कुबट वास धरते. दुसरं, भिजवल्यावर झोडपण्याचं काम वाचतं असं नाही. काळ्या रानाची माती चिकण, लोकरीतच वाळली तर तिचे खडे होतात. आधी झोडपा, मग भिजवा, मग वाळल्यावर पुन्हा एकदा हलकं झोडपा. भिजवूनच कातायचं ठरलं तर त्यात गैर काही नाही. फक्त नवशिक्याने पहिला पाव किलो कच्चाच कातून बघावा, मेण हाताला कसं लागतं ते कळतं.

माळरानची_रिठी
बरं. झोडपायचं मान्य, कच्च्याचं नाही.

कातून झालेल्या सुताच्या धुण्याबद्दल मात्र ऐकाच, कारण तिथे आपल्या भागातलं पाणी घात करतं. बोअरचं पाणी जड. साबण टाकला की त्या पाण्यातल्या क्षारांशी मिळून पांढरट साका होतो आणि तो सुतावर बसतो. सूत धुऊन आणखी राठ झालं अशी तक्रार असते ती यामुळे. रिठ्याचं तसं होत नाही. किलोभर सुताला १०० ग्रॅम रिठ्याची टरफलं रात्री भिजवा, सकाळी पंधरा मिनिटं उकळा, गाळा. पाणी ४५ अंशांच्या आसपास, हात घालून सहज राहील इतकं. लडी सैल, चार जागी सुती दोऱ्याने आठाच्या आकड्यात बांधलेल्या. वीस मिनिटं नुसत्या बुडवून ठेवा. मग तितक्याच गरम पाण्यात दोनदा खळबळा. गरमातून एकदम गारात घातलं आणि वर चोळलं तर केस एकमेकांत अडकतात, जेन (न विणता, लोकर दाबून केलेलं अंथरूण) करताना जसं मुद्दाम करतात तसं. पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा. धुण्याच्या सोड्याला हात लावू नका, क्षाराने लोकर खराब होते.

रिठ्याचं पाणी विहिरीत, तळ्यात सोडू नका, मासे मरतात.

गुरांचा_दवाखाना
वर कोणी लिहिलं नाही म्हणून. कच्ची लोकर हाताळताना हे तपासा.

मेलेल्या मेंढीची उपटलेली लोकर कधीही घेऊ नये, कितीही चांगली दिसली तरी. काळपुळीचे (अँथ्रॅक्सचे) जंतू बीजाणूच्या रूपात लोकरीत आणि मातीत वर्षानुवर्षं टिकतात, साध्या धुण्याने मरत नाहीत. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्डच्या गिरण्यांत लोकर निवडणाऱ्या कामगारांना हाच रोग फुप्फुसातून होत असे. ज्या गावात अलीकडे काळपुळीने जनावरं दगावली असतील तिथली लोकर घेऊ नका.

कळपात गर्भपात झाले असतील तर विण्याच्या काळातली, मागच्या अंगाची माखलेली लोकर टाळा. त्यातून माणसाला ताप, सांधेदुखी देणारे आजार येतात. गरोदर बाईने झोडपण्याचं काम करूच नये.

गोचीडनाशक कधी लावलं ते मेंढपाळाला विचारा. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन ही औषधं पाण्यात नाही, मेणात विरघळतात. म्हणजे तुम्ही जे मेण राखून ठेवताय त्यातच ती बसलेली असतात. कातरणीच्या आधी नुकतंच औषध मारलं असेल तर ती लोकर कच्ची कातू नका, धुऊनच घ्या. बहुतेकजण कातरणीनंतर लगेच औषध मारतात, ते बरंच.

धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असावं. गोखरू, बाभळीचा काटा लोकरीत असतोच, तो बोटात जातो आणि त्यावर लेंडीची घाण असते. झोडपताना फडक्याऐवजी घट्ट बसणारा मास्क वापरा.

मेंढवाडा
डाक्टर सांगतेत ते खरं हाय. मेलेलीची लोकर आमच्यात बी कातीत न्हाईत, पुरत्यात.

कुसळाचं सांगायचं राहिलं. गोखरू हाताने निघतो. आघाड्याचं बी फणीने निघतं. कुसळ मात्र केसासंगं आडवं बसतं, पिंजताना त्याचे तुकडे होतेत आन सुतात जातेत. मग घोंगडी आंगाला टोचती आन लोक लोकरीला नावं ठेवतेत. कुसळ असलेला झुपका उजेडाकडं धरून एकेक काढायचं. लई असलं तर तो झुपकाच फेकायचा.

दुधनाकाठ
पिंजण्याबद्दल विचारायचं राहिलं. कापसाच्या कार्डिंगच्या पाट्या आहेत, त्यांवर लोकर अडकून बसते. आणि माळ अजून घसरते.

चातीवाला
कापसाच्या पाट्यांचे दात फार दाट. भरड केस त्यात तुटतात आणि मेण-मातीने दात भरतात. दात विरळ आणि जाड हवेत. लोकरीच्या पाट्या मिळाल्या नाहीत तर कुत्र्याचे केस विंचरायचे तारेचे दोन सपाट ब्रश घ्या, घोंगडीच्या सुताला पुरतात. एका वेळी मूठभरही नाही, चार-पाच ग्रॅमच लोकर घाला. तीनदा फिरवून काढून घ्या. जास्त विंचरलं तर सगळे केस समांतर होतात आणि सूत तारेसारखं कडक निघतं, घोंगडीला ऊब राहत नाही. तातेच्या (आतड्याच्या दोरीच्या) पिंजणाने केलेली लोकर या कामाला सगळ्यात बरी, पण पावसाळ्यात तात सैल पडते आणि थंडीत मेण तातेला धरतं, म्हणून तेही दुपारीच.

पेळू वळताना पेन्सिलीएवढी काडी घ्या. पेळू अंगठ्याएवढा जाड आणि वीतभर लांब, सैल. घट्ट वळलेल्या पेळूतून भरड लोकर येतच नाही. जोड देताना कापसासारखं टोकाला टोक लावून भागत नाही. भरड केस गुळगुळीत, धरत नाहीत. दोन्हीकडची तीन इंच लोकर पिसारून एकमेकींवर ठेवा, मग पीळ सोडा.

माळ: सुती, तीन पदरी, घट्ट पिळाची हवी. तिच्यावर मेण चढलंय म्हणून घसरते. गरम पाण्यात रिठ्याने धुऊन, ताणून वाळवा आणि राळेचा खडा दोन-तीनदा फिरवा. नुसती राळ भुकटीसारखी उडते, म्हणून चमचाभर मधमाश्यांचं मेण आणि दोन चमचे राळ वितळवून वडी करून ठेवा. पावसाळ्यात ओलीने माळ आखडते, चाक जड जातं. तेव्हा एक गाठ सोडून सैल करा. उन्हाळ्यात परत आवळा.

चातीवरचा काळा थर म्हणजे मेणात कालवलेली माती. रोज काम संपलं की कोमट असतानाच खोबरेलाचं बोट लावलेल्या फडक्याने पुसा, मग कोरड्याने. चामड्या मात्र वेगळ्या: त्यात माती गेली की ती कानशीसारखी चाती झिजवते. चामड्या आठवड्याला काढून खरवडून साफ करा आणि एकेक थेंब एरंडेल द्या, ते दाट असतं, टिकतं.

चिंचोका
मागाच्या बाजूने दोन शब्द. सूत देणारे हे बघत नाहीत आणि मग विणणाऱ्याच्या डोक्याला ताप.

कच्च्या सुताची जाडी खरी नसते. माती आणि मेण धरून ते जड आणि बसकं दिसतं. धुतलं की वजन घटतं आणि सूत फुगतं. म्हणून आधी ५० ग्रॅम सूत कातून, वजन करून, धुऊन, दोन दिवस वाळवून परत वजन करा. घट किती ते तुमच्याच लोकरीवर ठरतं, दुसऱ्याचा आकडा घेऊ नका. मग धुतलेलं सूत पट्टीवर, न ताणता, एकाशेजारी एक गुंडाळा. इंचात दहा-बारा वेढे बसले तर घोंगडीजोगं. हे मोजून मग ताण्याचा हिशोब करा.

सगळं सूत एकाच दिशेला पिळलेलं असू द्या. दोघी कातत असतील आणि एकीचं चाक उलटं फिरत असेल तर ताण्यात दोन्ही मिसळतात आणि कापडाला पट्टे पडतात, धुतल्यावर आणखी दिसतात. कुकड्यावर खडूने खूण करा, कोणाचं ते.

आणि तेल. ताण्याला चिंचोक्याची खळ लावतात ती तेलकट सुताला धरत नाही. कुंचा फिरवला की खळ वरच्यावर राहते, वाळली की पापडीसारखी झडते, आणि वहीच्या (मागावर ताण्याचे धागे उचलणाऱ्या दोऱ्यांच्या) घासणीत सूत पिंजारतं. नुसत्या अंगच्या मेणाचं सूत खळ घेतं, तेल घातलेलं घेत नाही. बालाघाटी यांनी सांगितलेलं चाळीस मिली फक्त बाण्याच्या लोकरीला ठेवा. ताण्याच्या लोकरीला निम्मं, आणि सूत लडीतच रिठ्याने धुऊन मग मागावर द्या.

बालाघाटी
ताण्याला निम्मं, हे बरोबर. ताण्याची लोकर खांदा-कुशीची, मुळात चांगलीच असते. वीस मिली पुरतं.

जावळाची लोकर हाती आली तर, म्हणजे कोकराची पहिली कातरणी, तिला तेल लावूच नका. ती मऊ आणि आखूड. पीळ इंचाला एखाद-दुसरा जास्त द्या आणि ओढ दोन फुटांऐवजी दीड फूट ठेवा. ती मोठ्या मेंढीच्या लोकरीत मिसळू नका, सूत कुठे फुगतं, कुठे बसतं.

दुधनाकाठ
राहिलेली अडीच किलो पावसाळ्यापर्यंत ठेवायची आहे. सध्या युरियाच्या रिकाम्या पोत्यात आहे.

माळरानची_रिठी
आजच काढा. त्या पोत्याच्या प्लास्टिकच्या पट्ट्या उसवून लोकरीत मिसळतात. पिंजताना दिसत नाहीत, कापड विणल्यावर चमकतात, आणि रंगही घेत नाहीत. शिवाय हवा खेळत नसल्याने लोकर आत घाम धरते. बारदानही नको, त्याचे तागाचे धागे तसेच येतात. जुन्या सुती चादरीचं गाठोडं करा.

कसर न धुतलेल्या लोकरीलाच आधी लागते, तिला घाण आणि घामच आवडतो. कडुनिंबाचा पाला टाकून निर्धास्त राहू नका, कसर त्याला फारशी जुमानत नाही. दर पंधरा दिवसांनी गाठोडं सोडायचं, लोकर उलटीपालटी करून भर उन्हात पसरायची, झटकायची. अळीला अंधार आणि शांतता लागते. चातुर्मास काढायचाच असेल तर आधी गार पाण्यात भिजवून, खडखडीत वाळवून मगच बांधा, आणि गाठोडं जमिनीवर न ठेवता आढ्याला टांगा.

मेंढवाडा
आढ्याला टांगताना उंदराचं बघा. जावळात घर करतेत.